गाडी ‘ओव्हर’ होतेय? कार्बोरेटर बदलण्याआधी त्यातली छोटीशी सुई तपासा!

मंडळी, ज्या घरात जुनी गाडी जपून ठेवलेली असते, त्या घरात हा प्रसंग कधी ना कधी घडतोच. रविवारची सकाळ असते. पार्किंगमध्ये कव्हरखाली झाकलेली बाबांची प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीच्या काळातली मारुती ८०० बाहेर काढायचं ठरतं. सेल्फ मारला, गाडी दोनदा गुरगुरली आणि बंद पडली. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. तोपर्यंत पेट्रोलचा वास इतका वाढतो की वरच्या गॅलरीतून शेजारचे काका विचारतात, “काय हो, पेट्रोल सांडलं की काय?” बॉनेट उघडून बघावं तर कार्बोरेटर बाहेरून ओला आणि खाली इंजिनावर थेंब थेंब पेट्रोल.

मग मेकॅनिक येतो, बघतो आणि सांगतो, “कार्बोरेटर गेला. नवीन टाकावा लागेल.” जुन्या गाडीचा चांगला कार्बोरेटर मिळणं आधीच कठीण, मिळाला तर महाग. आणि एवढं करूनही महिन्याभरात पुन्हा तोच वास येऊ शकतो. कारण बऱ्याचदा कार्बोरेटर बिघडलेलाच नसतो. बिघडलेली असते ती त्याच्या आतली बोटाच्या पेराएवढी सुई, किंवा त्या सुईत अडकलेला गंजाचा एक कण.

आज आपण हेच समजून घेणार आहोत: कार्बोरेटर ओव्हर का होतो, नेमका दोष कुठे आहे हे कसं ओळखायचं, आणि यात कोणत्या गोष्टी जिवावर बेतू शकतात.

तुमच्या गच्चीवरची टाकी आठवा

कार्बोरेटरचं काम एका वाक्यात सांगायचं तर हवेत योग्य प्रमाणात पेट्रोल मिसळून ते इंजिनाला देणं. इंजिन हवा ओढतं. ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे शेजारच्या छोट्या कप्प्यातलं पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर ओढलं जातं आणि फवाऱ्यासारखं हवेत मिसळतं. शुद्ध पेट्रोल नीट जळायला १ ग्रॅम पेट्रोलमागे सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तरी गाडी चालते, पण फार बिघडलं की रुसते.

हे प्रमाण टिकवण्यासाठी त्या कप्प्यातली पेट्रोलची पातळी कायम एकसारखी राहावी लागते. या कप्प्याला फ्लोट चेंबर म्हणतात. पातळी एकसारखी ठेवण्याची युक्ती तुम्ही रोज बघता, ती म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक. टाकीत पाणी वाढलं की चेंडू वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी कमी झालं की चेंडू खाली जातो आणि नळ उघडतो. फ्लोट चेंबरमध्येही हेच घडतं. पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा पोकळ फ्लोट पेट्रोलवर तरंगतो. तो वर आला की एका टोकदार सुईला वर ढकलतो. सुई आपल्या बैठकीत, म्हणजे सीटमध्ये, घट्ट बसते आणि पंपाकडून येणारं पेट्रोल थांबतं. या सुईला मेकॅनिक निडल म्हणतात.

आता बॉलकॉक अडकला तर काय होतं? टाकी ओव्हरफ्लो होते आणि पाणी जिन्यावरून वाहायला लागतं. कार्बोरेटरमध्येही तसंच. फवाऱ्याचं तोंड चेंबरमधल्या पातळीपेक्षा अगदी काही मिलिमीटरच वर असतं. पातळी तेवढी वाढली की पेट्रोल ओढावं लागत नाही, ते आपोआप इंजिनात गळायला लागतं. यालाच म्हणायचं गाडी ‘ओव्हर’ झाली.

बॉलकॉक अडकला म्हणून कोणी अख्खी टाकी बदलत नाही. मग सुई अडकली म्हणून अख्खा कार्बोरेटर का बदलायचा?

आधी जीव, मग गाडी

पुढे जाण्याआधी हा भाग कृपया नीट वाचा. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही हवामानात सांडलेलं पेट्रोल कायम पेटायला तयार असतं. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि कोपऱ्यात साचून राहते.

म्हणून हे काम बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये करू नका. गाडी ढकलून मोकळ्या जागेत आणा. पेट्रोल गळताना दिसलं तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. चावी बंद करा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि कार्बोरेटर उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सिगारेट, लायटर, आगपेटी आसपास नको. आत बघायला बॅटरीवर चालणारी टॉर्च वापरा. हाताशी ड्राय पावडरचा एबीसी प्रकारचा अग्निशामक ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आग आणखी पसरवतं.

बंद बॉनेटखालून ज्वाळा किंवा दाट धूर येत असेल, तर बॉनेट पूर्ण उघडू नका, कारण आत हवा शिरली की आग भडकते. आग अगदी लहान असेल तरच फटीतून अग्निशामक मारा. जराही शंका असेल तर लांब व्हा आणि अग्निशमन दलाला फोन करा.

दोन वेगळे आजार, एकच वास

इथे बहुतेक जण फसतात. ‘ओव्हर’ हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो.

पहिल्या प्रकारात चूक चालवणाऱ्याची असते. चोक ओढून ठेवला, वर दहा वेळा अॅक्सिलरेटर दाबला. दर दाबाला कार्बोरेटरमधला छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. त्यामुळे प्लग पेट्रोलने भिजतात आणि ठिणगी पडत नाही. स्कूटरचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासणारे बाबा ज्यांना आठवतात, त्यांना हा आजार वेगळा सांगायला नको.

याच्यावर उपाय फुकटचा आहे. आधी बाहेर कुठे पेट्रोल गळत नाही ना, हे बघा. गळत नसेल तर चोक पूर्ण आत ढकला आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग अॅक्सिलरेटर एकदाच हळूहळू तळापर्यंत दाबा, तसाच धरून ठेवा आणि सेल्फ मारा. पाय वर-खाली करायचा नाही. गळा पूर्ण उघडा असल्याने भरपूर हवा आत जाते आणि जास्तीचं पेट्रोल निघून जातं. एका वेळी आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, स्टार्टर मोटर तापते. गाडी सुरू झाली की लगेच पाय उचला.

दुसरा प्रकार म्हणजे कार्बोरेटर खरंच ओव्हर होणं. याची लक्षणं अशी:

- गाडी सुरू असताना मागून काळा धूर येतो.
- आयडलला गाडी अडखळते, पण रेस केली की जरा बरी चालते.
- प्लग काढले तर त्यांवर कोरडी काळी काजळी किंवा पेट्रोलचा ओलावा असतो.
- अॅव्हरेज एकदम घसरतं.
- गाडी बंद केल्यावरही कार्बोरेटरच्या गळ्यात पेट्रोल टपकत राहतं.
- डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते आणि तिला पेट्रोलचा वास येतो.

शेवटचं लक्षण सगळ्यात गंभीर. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगना पुरेसं संरक्षण देत नाही. म्हणजे सुईच्या किरकोळ दोषाचं रूपांतर इंजिन उघडण्याच्या खर्चात होतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर दोष दूर करून ऑइल बदलेपर्यंत गाडी चालवू नका.

आणखी एक शक्यता आहे. उन्हाळ्यात गाडी लांबून चालवून आणली, दहा मिनिटं उभी केली आणि मग सुरूच होत नाही. बंद इंजिनाची उष्णता कार्बोरेटरपर्यंत चढते, चेंबरमधलं पेट्रोल उकळून गळ्यात सांडतं. असं फक्त तापलेल्या गाडीतच होत असेल, तर सुईवर संशय घेण्याआधी कार्बोरेटरखालचं उष्णता अडवणारं जाड पॅकिंग जागेवर आहे का ते बघा.

आता शोध: स्वस्तापासून महागापर्यंत

दोष शोधताना क्रम महत्त्वाचा. आधी फुकटच्या तपासण्या, मग पाच-पन्नास रुपयांच्या आणि शेवटी पाना हातात घ्यायचा.

१. चोक आणि एअर फिल्टर. एअर फिल्टरचं झाकण काढा. चोकचा नॉब आत ढकलल्यावर वरची पत्र्याची झडप पूर्ण उभी राहते का, हे बघा. केबल गंजली असेल तर नॉब आत जातो, पण झडप अर्धवट बंदच राहते. तुंबलेला एअर फिल्टरही तोच त्रास देतो. इंजिन चालू असताना मात्र गळ्यावर चेहरा नेऊ नका. कार्बोरेटरमधून उलटी आग येऊ शकते.

२. हलकी टकटक. बाहेर सांडलेलं सगळं पेट्रोल आधी पुसून वाळू द्या. मग स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीने चेंबरच्या बाजूला, जिथे पेट्रोलची नळी येते तिथे, दोन-चार वेळा हलकेच टकटक करा. अडकलेली सुई किंवा कण कधीकधी यानेच सुटतो. त्यानंतर गळणं थांबलं, तर दोष सुईपाशीच आहे हे जवळजवळ नक्की झालं. पण हा इलाज नाही, फक्त निदान आहे. तो कण आतच आहे आणि त्याचे भाऊबंद टाकीत आहेत.

३. पेट्रोलचा फिल्टर. नळीमधला पारदर्शक फिल्टर बघा. तांबूस गाळ दिसला तर गंज टाकीतून येतोय. हा फिल्टर स्वस्तात मिळतो. बदलताना त्यावरचा बाण कार्बोरेटरच्या दिशेने ठेवा. पण लक्षात घ्या, जुन्या रबरी नळीचे आतून सुटलेले बारीक तुकडे फिल्टरच्या पुढच्या भागातूनही सुईपर्यंत जातात. नळी कडक झाली असेल, तडे गेले असतील तर तीही बदला.

४. फ्लोट. आता चेंबरचं झाकण उघडायचं. कुठला स्क्रू कुठला, हे विसरायला होतं, म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढा. फ्लोट बाहेर काढून कानाजवळ हलवा. आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला तर फ्लोट फुटका आहे. जड झालेला फ्लोट नीट तरंगत नाही, त्यामुळे सुई बंद होत नाही. पितळेचा फ्लोट गरम पाण्यात बुडवला तर चीर असेल तिथून बुडबुडे येतात. पाणी वेगळ्या जागी तापवून आणा, फ्लोट शेगडीजवळ नेऊ नका. डाग देऊन तो दुरुस्त करता येतो, पण आत पेट्रोल असताना त्याला उष्णता देणं धोक्याचं, आणि जास्त डाग लावला तर फ्लोट पुन्हा जडच होतो. नवा मिळत असेल तर नवाच घ्या.

५. सुई आणि सीट. सुईचं टोक उजेडात धरून बघा. टोकावर गोल रिंगणासारखा खाचा दिसला तर ती झिजली. सुई आणि सीट एकमेकांना झिजवत असल्याने दोन्ही एकत्रच बदलतात. चाचणी सोपी आहे. बहुतेक कार्बोरेटरांत फ्लोट झाकणाला लटकलेला असतो. तसं असेल तर फ्लोट जागेवर ठेवून झाकण उलटं धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने सुई बंद होईल. पेट्रोल येण्याच्या नळीला स्वच्छ रबरी नळी लावून छोट्या हातपंपाने अगदी हलकी हवा द्या. हवा निसटली तर सुई गळतेय.

६. सीटखालचा वॉशर. हा लपलेला गुन्हेगार. सुई नवी, फ्लोट चांगला, तरी गाडी ओव्हर. कारण सीट सैल आहे किंवा तिच्या खालचा वॉशर दबलेला आहे, आणि पेट्रोल सुईला वळसा घालून चेंबरमध्ये शिरतंय. नवी सुई टाकताना वॉशरही नवाच टाका.

७. फ्लोटची उंची. फ्लोटच्या बिजागरीजवळ एक छोटी पट्टी असते, ती किंचित वाकवली की पातळी कमी-जास्त होते. नेमकं माप प्रत्येक मॉडेलचं वेगळं, त्यामुळे ते तुमच्या कार्बोरेटरच्या मॅन्युअलमधूनच घ्या. वाकवताना सुईवर जोर येऊ देऊ नका, नाहीतर नवी सुई तिथेच खराब होते.

८. पंप. सुई जास्तीत जास्त किती दाब अडवू शकते, याला मर्यादा असते. इंजिनावरचा जुन्या पद्धतीचा पंप साधारण ३ ते ५ पीएसआयच्या आसपास दाब देतो. तुलनेसाठी, कारच्या टायरमध्ये आपण ३० पीएसआयच्या आसपास हवा भरतो. जुना पंप मिळत नाही म्हणून काही जण इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप बसवतात. त्या पंपाचा दाब साधारण ४० पीएसआय किंवा त्याहून जास्त असतो. त्यापुढे कितीही नवी सुई टिकत नाही. इलेक्ट्रिक पंप बसवायचाच असेल तर कार्बोरेटरसाठीचा कमी दाबाचाच घ्या. आणि जुन्या पंपाचा आतला पडदा फाटला असेल, तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरू शकतं. म्हणजे कार्बोरेटर निर्दोष असूनही डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो.

हे सगळं ठीक निघालं आणि तरीही प्लग ओले होत असतील, तर प्लग, पॉइंट आणि कॉइल तपासा. ठिणगीच कमजोर असेल तर चांगलं पेट्रोलही न जळता प्लग भिजवतं आणि बदनाम होतो कार्बोरेटर.

या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वास आला की आयडलचा मिक्श्चर स्क्रू फिरवत बसणं. तो स्क्रू फक्त आयडलचं मिश्रण ठरवतो. चेंबर भरून वाहत असताना तो फिरवणं म्हणजे गच्चीवरची टाकी ओव्हरफ्लो होताना स्वयंपाकघरातला नळ आवळण्यासारखं आहे. शिवाय आधीचं चांगलं सेटिंगही जातं.

दुसरी चूक म्हणजे तारेने जेट साफ करणं. जेटचं छिद्र मिलिमीटरच्या अंशात मोजून बनवलेलं असतं. तारेने ते मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते. कार्बोरेटर क्लिनर आणि हवेचा फवारा पुरेसा आहे. डोळ्यांना चष्मा मात्र लावा.

तिसरी चूक म्हणजे पॅकिंगवर सीलंट थापणं. त्याचे तुकडे सुटून पुन्हा जेटमध्ये किंवा सुईत अडकतात.

हल्ली हे जास्त का ऐकू येतं?

याचं एक कारण गाडी उभी राहणं हे आहे. मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी दिवसभर पळायच्या. ऑक्टोबर २०२३ अखेर त्यांचा प्रवास थांबला. आता उरलेल्या पद्मिनी बहुतेक हौशी लोकांकडे, आठवड्या-पंधरवड्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या. उभ्या गाडीत चेंबरमधलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि सुई त्यात चिकटते.

दुसरं कारण इथेनॉल. आपल्या उसाच्या पट्ट्यात तयार होणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. ओल फार साचली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि लोखंडी टाकीला गंज धरतो. वर्षानुवर्षं साचलेला चिकट थरही इथेनॉलने सुटतो. हे सगळं वाहत वाहत शेवटी पोहोचतं कुठे? सुईपाशी. जुन्या काळच्या काही रबरी नळ्या आणि पडदेही त्याने फुगतात किंवा मऊ पडतात. म्हणून नळ्या, पंपाचा पडदा आणि सुई बदलताना ‘इथेनॉलला चालणारे’ भाग मागा.

उपाय साधा आहे. गाडी आठवड्यातून एकदा नीट गरम होईपर्यंत चालवा. फार दिवस उभी ठेवणार असाल तर चेंबर रिकामं करून घ्या. आणि एकदा टाकी उतरवून आतून साफ करा. टाकीत गंज असेपर्यंत कार्बोरेटर कितीही वेळा धुतला तरी दुखणं परत येणार.

काम झाल्यावर

झाकण बसवल्यावर लगेच सेल्फ मारू नका. आधी सगळे जोड पुसून कोरडे करा, मग बॅटरी जोडा. गाडी सुरू करून पाच मिनिटं कोरड्या कापडाने प्रत्येक जोड तपासा. गाडी बंद केल्यावर पुन्हा गळ्यात टॉर्चने डोकावून बघा. कोरडं असेल तर काम फत्ते. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर पहिल्या फेरफटक्याआधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. काढलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरू नका, गटारात ओतू नका. घट्ट झाकणाच्या, पेट्रोलसाठीच्या डब्यात ठेवा.

यातलं उघडण्याचं काम स्वतः करायला भीती वाटत असेल तर जरूर मेकॅनिककडे जा. पण पुढच्या वेळी “कार्बोरेटर गेला” असं कोणी म्हटलं, तर एकच प्रश्न विचारा: “फ्लोट, सुई आणि वॉशर बघितला का?” या प्रश्नानेच तुमचे बरेच पैसे वाचतील, आणि बाबांच्या गाडीतला मूळ कार्बोरेटरही भंगारात जाण्यापासून वाचेल.

मंडळी, तुमच्या ओळखीत कोणी जुनी गाडी सांभाळत असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. निदान तो आगीचा भाग तरी त्यांनी वाचायलाच हवा.